बायको गावात असताना खाणावळीत

खाणावळ ही बिनबायकांच्या पुरुषांची जागा, असं आमच्या सोलापुरात धरलेलं होतं. शिकायला आलेली मुलं, कुटुंब गावाकडे ठेवून गिरणीत राबणारे, विधुर, आणि बायको बाळंतपणाला माहेरी गेलेले, एवढ्यांनी तिथल्या पाटावर बसावं. ज्याची बायको गावात आहे आणि हातीपायी धड आहे, असा माणूस तिथे दिसला की बघणारा लगेच विचारी, "काय, मंडळी गावाला गेली वाटतं?" आणि मंडळी गावाला गेलेली नसली, तर मग बोलणं वाढे.

माझी शाळेतली नोकरी ह्याच एका गोष्टीला बांधलेली होती. लग्नानंतर मी ट्रेनिंग पुरं केलं आणि मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा सासूबाई मंगळवेढ्याजवळच्या आपल्या गावाहून मुद्दाम आल्या. चुलीपुढे बसल्या, माझ्या हातचा चहा शेवटपर्यंत प्याल्या आणि मग बोलल्या.

"शाळा कर. म्या न्हाय म्हणत न्हाय. शिकलीयास तर घरात बसून काय करशील? पर येक ध्यानात ठेव. माजं लेकरू खाणावळीच्या पाटावर बसलेलं कुनी बघितलं आन त्ये माज्या कानावर आलं, की त्याच दिशी तुजी शाळा सुटली. मंजूर हाय?"

मी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मंजूर हाय, आई." मीही मान हलवली. तेव्हा मला त्यात जड काही वाटलं नाही. स्वयंपाक येत होता, अंगात ताकद होती. एकदा कबूल केलेली गोष्ट पुढे रोज पहाटे उठून नव्याने कबूल करावी लागते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

यजमान गिरणीत टाइमकीपर होते. पहाटेच्या भोंग्याला फाटकाशी उभं राहायचं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाची हजेरी मांडायची. म्हणजे पहिला भोंगा व्हायच्या आत माझी चूल पेटलेली हवी. आमच्या दोन खोल्या एका तेलुगू विणकराच्या घराच्या माडीवर होत्या. उजाडलं की खाली मागांची खटखट सुरू व्हायची, ती दिवे लागेपर्यंत. पाणी भरायचं, डबा करायचा, झाडलोट, धुणं, आणि मग शाळा. संध्याकाळी परत चूल. सोलापुरातला उन्हाळा आणि चूल ह्या दोन गोष्टी एकत्र कुणावरही येऊ नयेत, पण त्या सगळ्या बायकांवर येतात, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझ्या वर्गातल्या मुली विणकरांच्याच होत्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी. तिसरी झाली की आईबाप त्यांना मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवीत. त्यातल्या काहींना मी घरोघर जाऊन, त्यांच्या आयांशी हुज्जत घालून, चौथीपर्यंत ओढून आणलं होतं. परीक्षेआधी मी गेले असते तर त्या परत कांड्यांवर बसल्या असत्या, ह्यात मला शंका नव्हती. शाळेच्या प्रेमाबद्दल मला काही सांगायचं नाही. हातात घेतलेलं काम अर्धं टाकलेलं मला बघवत नाही, एवढंच.

जेवणाचं सुख आम्हांला नव्हतं असं मात्र नाही. रात्री यजमान आधी जेवत, मी वाढी, आणि त्यांचं झालं की मी बसे. सगळीकडे तसंच होतं. पण इतर घरांतले पुरुष हात धुतला की ओट्यावर जात. आमचे हे दाराच्या चौकटीला टेकून सुपारी कातरत बसत आणि मी जेवत असताना फाटकावरच्या गोष्टी सांगत. कोण झोपेत दुसऱ्याचाच अंगरखा घालून आला, कुणी उशीर झाल्यावर आजीला तिसऱ्यांदा मारलं. मी निम्म्या ऐके, निम्म्या वेळी जेवताजेवताच माझी मान पडे. "आजी चौथ्यांदा मेली," असं ते मोठ्यानं म्हणत, की मी जागी होई.

रविवारी संध्याकाळी ते चौकातल्या हॉटेलातून गरम भजी आणत. त्या हॉटेलात मी जाणं शक्यच नव्हतं. बाईमाणूस तिथं पायरीशीही उभं राहत नसे. म्हणून भजी गार होऊ नयेत अशी कोटाच्या आत धरून ते जवळजवळ पळत येत. त्या कोटाला तेलाचा वास कायमचा लागला, तो मी सोड्यानं धुऊनही गेला नाही. बाहेर आम्ही दोघांनी मिळून खायचं ते वर्षातून एकदाच, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत. तिथे सगळं सोलापूर लोटलेलं, कोण कुणाची बायको हे बघायला कुणाला सवड नसे. जिलबीचा द्रोण ते धरून उभे राहत आणि म्हणत, "घे आधी तू. गर्दीत कळत नाही." मी घेई. वर्षातल्या त्या एका दिवशी मी त्यांच्या आधी खाई.

बाकी वर्षभर माझी सगळी भिस्त होती कडक भाकरीवर. आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायचं तर, ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ बडवायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या धगीला लावून तिच्यातला पाण्याचा अंश घालवायचा. ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. दही आणि शेंगाचटणी असली की दुसरं काही लागत नाही. रविवारी दुपारी मी आठवड्याची चळत करून ठेवी, म्हणजे रोज पहाटे भाकरी बडवायचं वाचे. तेवढी झोप मला हवीच होती. यजमानांची कधी तक्रार नव्हती. उलट म्हणत, "तुझी भाकरी मोडली की पलीकडच्या खात्यातला माणूस वळून बघतो."

त्या वर्षी दिवाळीनंतर डबा विसळून परत येऊ लागला.

ज्या बाईनं संसार केला आहे तिला ह्यात काय चमत्कारिक आहे ते सांगायला नको. पुरुषमाणूस डबा उघडतो, खातो आणि तसाच झाकण लावून आणतो. तो आपण होऊन विसळतो, तेव्हा त्यात काय होतं आणि काय उरलं हे त्याला दाखवायचं नसतं. रात्रीही ते भाकरी आमटीत बुडवून, भिजवून, उगीच चिवडत बसत. विचारलं तर म्हणत, "भूक नाही गं." भूक नाही म्हणणारा माणूस वाळतो. हे वाळत नव्हते. मी हे सगळं पाहिलं, आणि तपासायच्या पाट्या आणि वह्या पडलेल्या होत्या म्हणून बाजूला ठेवून दिलं.

मग एक दिवस नळावर खालच्या विणकराची बायको भेटली. मला ती पंतुलम्मा म्हणे. त्यांच्या तेलुगूत मास्तरणीला तसंच म्हणतात.

"पंतुलम्मा, माहेराहून कवा आलं तुमी?"

"मी कुठं माहेरी गेले होते?"

"गेलं नव्हतं?" तिनं घागर खाली ठेवली. "मग तुमचे सार अक्काच्या खाणावळीत कसं जेवायलेत? सूत आणायला गेले मी, तवा दिसलेत. दोन डाव दिसलेत." एवढं बोलून झाल्यावर तिला कळलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

कुठल्याही बाईच्या मनात पहिला जो विचार येईल तो माझ्याही आला. पण ती खाणावळ चालवणारी अक्का साठीला टेकलेली होती, तेव्हा तो विचार फार टिकला नाही. दुसरा आला तो टिकला. विणकराच्या बायकोला दिसले, तर गावाकडच्या कुणालाही दिसतील. आठवड्याच्या बाजाराला त्यांच्या गावचे लोक यायचेच.

मधल्या सुट्टीत मी तडक तिकडे गेले. शाळेपासून जागा लांब नव्हती. अक्का अक्कलकोटकडच्या लिंगायत, विधवा, बोलण्यात अर्धं कानडी. आत भिंतीला कोट-टोप्या टांगलेल्या आणि खाली पुरुषांची पंगत. अक्का दारातच आडव्या आल्या.

"डब्यात देऊ काय ऊटा, तंगी? बायकांना बसायला इथं सोय न्हाई." तंगी म्हणजे धाकटी बहीण. ऊटा म्हणजे जेवण. एवढं कानडी सोलापुरात सगळ्यांनाच येतं.

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहत होते. यजमान शेवटच्या पाटावर भिंतीशी बसलेले. पुढ्यात तव्यावरची मऊ भाकरी, वाफा निघत असलेली. ती आमटीत कुस्करून, मोठमोठे घास करून, माणूस इतका मन लावून जेवत होता की मला राग यायच्या आधी नवल वाटलं. मग त्यांनी वर पाहिलं. हात पानातच राहिला.

मी बाहेर ओट्यावर थांबले. ते आले, उपरण्याला हात पुसत. आम्ही शाळेच्या दिशेनं चालू लागलो.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"माझ्या भाकरीत काय वाईट आहे?"

"काही नाही."

"मग?"

गल्लीत कुणी नाही असं पाहून ते थांबले, भिंतीकडे तोंड केलं, गालात बोट घातलं आणि मला आतलं दाखवलं. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्या होत्या. हिरड्या हलत होत्या, पू होत होता, स्टेशनाकडच्या एका दातांच्या डॉक्टरानं दर रविवारी थोड्या थोड्या करून काढल्या.

"भजी आणायला उशीर व्हायचा बघ," ते म्हणाले, "तेव्हा."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू रोज पहाटे मऊ भाकरी बडवत बसली असतीस. आधीच जेवताना झोपतेस."

"आणि कडक भाकरी? त्या कुठं जातात?"

"फाटकावरचा पठाण खातो. रोज वाट बघतो. भाभी की रोटी लाए क्या, म्हणतो." थोडं थांबून ते म्हणाले, "मीठ जरा कमी हवं म्हणत होता."

"त्याला म्हणावं, तुझ्या बायकोला सांग."

हसायला हवं होतं, पण घंटा व्हायला आली होती. वळताना ते म्हणाले, "आईला दाढांचं कळू देऊ नकोस." ते का, हे मला विचारावं लागलं नाही. माझा पोरगा दातानं सुपारी फोडतो, ऊस सोलतो, हे सासूबाई गावभर सांगत. चाळिशीही आली नव्हती आणि तोंड म्हाताऱ्याचं झालं, हे आईला कळण्यापेक्षा बायकोची शाळा गेलेली ह्यांना परवडली असती की काय, असं मला त्या क्षणी वाटून गेलं. मी बरं म्हणाले आणि वर्गावर गेले.

पंधरा दिवसही झाले नसतील. मी शाळेतून आले तर सासूबाई पायरीवर बसलेल्या. सर्व्हिस मोटारीनं आल्या होत्या. गाठोडं नेहमीपेक्षा मोठं होतं, म्हणजे मुक्काम लांबचा. बाजाराला आलेल्या भावकीतल्या कुणीतरी लेकाला पाटावर पाहिलं होतं.

लेक येईपर्यंत माळ धरल्यासारख्या गप्प बसून राहिल्या. यजमान आले, टोपी खुंटीला लावली, आणि सासूबाईंनी सुरुवात केली.

"खरं का खोटं?"

"खरं हाय."

"बायकू मेली व्हय तुजी?"

"न्हाय."

"आजारी हाय?"

"न्हाय."

"मग लोकाच्या दारात पाटावर बसायला काय झालं तुला?"

गिरणीत शेकडो माणसांना उशिराचा जाब विचारणारा माणूस आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मास्तरीणबाई, ठरल्यापरमानं व्हऊ द्या. उंद्या शाळंत जाऊन सांगून या. म्या आता हितंच हाय. तुजं सगळं मार्गी लागूस्तवर."

मी ताट मांडलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंनी गाठोडं सोडलं आणि आतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या. स्वतःच्या हातच्या, कडक, पातळ, सुरेख केलेल्या. "ह्येला ल्हानपणापासनं ह्याच आवडत्यात," म्हणाल्या आणि एक ताटात ठेवली. "दुधाचे दात बी पडलं नव्हतं, तवापासनं कडाकडा खायाचा."

यजमानांनी भाकरी मोडली. मोठा आवाज झाला. तुकडा आमटीत घातला.

"काला करतूस व्हय? म्हाताऱ्यागत?"

त्यांनी कोरडा तुकडा उचलला आणि पुढच्या दातांनी कुरतडला. जिभेनं तो इकडून तिकडे फिरवला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. दुसरा तुकडा घेतला. मी हातात पळी धरून उभी होते आणि ह्यांनी आता सांगावं म्हणून थांबले होते. सकाळपासून उभीच होते, म्हणून पाय दुखत होते, हेही तेव्हा चांगलं लक्षात आहे. तिसरा तुकडा घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगू नकोस, असं त्यात स्पष्ट होतं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ह्यांच्या दाढा काढल्यात. मागची एकही राहिली नाही. कडक भाकरी चावत नाही म्हणून दुपारी मऊ खायला खाणावळीत जातात. माझ्या शाळेचा त्यात काही संबंध नाही."

सासूबाईंनी कंदील उचलला. "आ कर," म्हणाल्या. लेकानं आ केला. त्यांनी कंदील जवळ धरून डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, जनावराचं वय बघतात तसं. मग कंदील खाली ठेवला. पुढ्यातली भाकरी ओढून घेतली आणि पुन्हा फडक्यात बांधली.

"कुना भाड्यानं काढल्या?" एवढंच विचारलं.

"डाक्टरानं."

"हात झडलं न्हाईत त्येचं?"

मला वाटलं, आता कळलं त्यांना. आता निवाडा बदलेल. पण सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मग तर तू घरातच पायजेस. दाढा न्हाईत म्हणल्यावर दोन येळा मऊ भाकर नको का ह्येला? दुपारची गरम कोन न्यून देनार गिरणीत? ती खाणावळवाली? येवडं कळंना व्हय तुला, शिकलेलीला?"

खरं बोलून मी माझंच नुकसान करून घेतलं होतं. दाढा नसलेल्या माणसाला मऊ भाकरी लागते, ती कुणीतरी करावी लागते, आणि करणारी मी. मी पळी ठेवून दिली आणि खाली बसले.

तेव्हा यजमान बोलले. लपवायचं होतं ते गेलं होतं, म्हणूनच बोलले असावेत.

"शाळा सुटणार न्हाय, आई."

"शबूद दिल्ता तुमी."

"दिल्ता. पर मोडला कुनी? खाणावळीत म्या गेलो. ही न्हाय गेली. मग शिक्षा हिला कशी?"

"बायकूचंच नाव जातंया, तुजं न्हाय जात. लोक काय म्हनत्यात ठाव हाय? बायकू घरात आन ह्यो खाणावळीत!"

"मग बायकूला संगट घिऊन जातो," हे म्हणाले. "मग कोन इचारतंय मंडळी कुटं गेली म्हणून? हितंच बसलीया म्हणंन. जेवतीया."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. पंगतीतल्या पुरुषांत बसून जेवायचं, आणि मग त्याच तोंडानं वर्गात जाऊन मुलींना वळण शिकवायचं! मी रात्रभर ह्याचा विचार केला असता, पण पडल्याबरोबर झोप लागली. सकाळी उठल्यावर पाहिलं तर गोष्ट साधी होती. जागा शाळेच्या आणि गिरणीच्या मधोमध. दुपारची भाकरी मला करायला लागणार नाही. लोक बोलतील, पण ते आधीपासून बोलतच होते.

मधल्या सुट्टीत मी गेले तेव्हा हे ओट्यावर उभे होते. मागून सासूबाईही आल्या. खरं की खोटं हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. अक्कांनी आम्हां तिघांकडे पाहिलं, ह्यांनी दोन शब्दांत सांगितलं ते ऐकलं, आणि क्षणभर विचार केला.

"पंगतीत न्हाई बसायचं तंगी. माझी गिऱ्हाइकं लाजून अर्धपोटी उठतील. आत चुलीजवळ बसा दोघं. बर्री अव्वा, तुम्ही पण या."

"म्या खाणावळीत पानी बी पीत न्हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि मागच्या दारात उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

अक्कांनी चुलीजवळ दोन पाट समोरासमोर टाकले, दोन पानं मांडली आणि दोन्हींवर एकदमच वाढलं. मला सुरुवात कशी करावी कळेना. हात जाईना. ह्यांचे चार घास व्हावेत म्हणून थांबले, तर अक्का तव्यावरून ओरडल्या, "गार होते तंगी! नवऱ्याकडे बघून पोट भरतं काय?"

मग मी जेवले. वांग्याची भाजी, शेंगाची आमटी, आणि तव्यावरून सरळ पानात पडणारी भाकरी. कुणाला काही वाढायचं नव्हतं, उठायचं नव्हतं. समोर हे आमटीत भाकरी कुस्करून जेवत होते आणि मधूनच म्हणत होते, "आमटी घे अजून." आनंद वगैरे झाला का, तर मी फार थकलेली होते. बसून गरम खायला मिळालं की किती भूक आहे हे कळतं, एवढं कळलं. अक्कांनी आणखी एक भाकरी टाकली.

"तिसरी हाय ही," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"मोजू नका अव्वा," अक्का म्हणाल्या. "दिष्ट लागते."

ह्यांना ठसका लागला. मीही खाली बघून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. संध्याकाळच्याच मोटारीनं परत गेल्या. दिवसभर पोटात काही घातलं नव्हतं. मी चहा पुढे केला, तो त्यांनी हातानं सारला. "ऱ्हावा तुमी दोगं तुमच्या खाणावळीत," म्हणाल्या आणि गाठोडं स्वतःच उचललं. लेकाला हात लावू दिला नाही.

लोक बोललेच. शाळेत हेडबाईंनी बोलावून विचारलं, मी काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "आत बसता ना? पंगतीत नाही ना? मग चालू द्या." विणकराच्या बायकोनं मात्र गल्लीत जाहीर केलं की पंतुलम्माला आता स्वयंपाकीण आहे. मला तो मोठेपणा नको होता, पण मी तो काढूनही टाकला नाही. मुली चौथीला बसल्या आणि एक सोडून सगळ्या पास झाल्या.

त्या दुपारचा आमचा नेम मग सुटला नाही. चुलीजवळ दोन पाट, समोरासमोर. कितीदा आम्ही बोलतही नसू. ते फाटकावर उभे राहून दमलेले, मी वर्गात बोलून. जेवण झालं की ते तिकडे, मी इकडे. पण रात्रीची एकच चूल उरली, आणि तीही सावकाश.

सुगी झाल्यावर दर वर्षी सासूबाईंकडून आमच्याकडे जोंधळ्याचं पोतं येई. त्या वर्षी आलं नाही. मी समजले आणि दुकानातून घेतलं. मग एक दिवस दुपारी जेवायला बसलो, तर अक्का परातीत दोन वेगवेगळे गोळे मळत बसलेल्या. ह्यांच्या पानात त्यांनी एक भाकरी टाकली, पांढरीशुभ्र, आणि माझ्या पानात दुसरी, नेहमीची काळपट.

"हे काय अक्का?"

"मंगळवेढ्याहून अव्वानं पोतं धाडलंय. तुमच्या घरी न्हाई, इथं माझ्याकडे. निरोप आहे की, ह्यातली भाकरी एकट्या माझ्या लेकराला घालायची." अक्का थोड्या अवघडल्या. "मी पिठात खोटेपणा करत न्हाई तंगी. तू राग धरू नको."

"राग कसला," मी म्हणाले. "तुमचं काम दुप्पट झालं."

यजमानांनी दोन्ही पानांकडे पाहिलं. मग आपली भाकरी अर्धी मोडून माझ्या पानात ठेवली.

"निरोप तसा न्हाई," अक्का म्हणाल्या.

"पानात पडल्यावर ती माझी," हे म्हणाले. "मी कुणालाही देईन."

मी घेतली. सुट्टी थोडी होती आणि भूक होती. भाकरी मऊ होती, गोड होती, सासूबाईंच्या शेतातल्या जोंधळ्याला नावं ठेवायला जागाच नव्हती. ती आधी खाल्ली, मग माझी खाल्ली, हात धुतले आणि वर्गावर गेले.